कानडी कागदातली खर्पुडी

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी माझ्या हातांना डांबरगोळीचा वास येतो असं बायकोचं म्हणणं आहे. भाजी निवडायला बसलो की आधी दोनदा हात धुवायला लावते. मला तो वास येत नाही. तीस-एकतीस वर्षं त्याच वासात काढल्यावर नाकाला त्याचं काय कौतुक राहणार?

मी उमरग्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागाचा प्रयोगशाळा परिचर होतो. परिचर हा शिपाई नसतो, पण शिपायाला सांगायची सगळी कामं त्याला सांगता येतात. पोरं मला गौतममामा म्हणायची, प्राध्यापक नुसतं गौतम म्हणायचे. पगारपत्रकावर माझं लांबलचक नाव होतं, ते कधी कुणी तोंडानं घेतलं नाही. माझे वडील जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबले. त्यांना अंगठा उमटवावा लागायचा. म्हणून मला शाळेत घालताना त्यांची एकच अट होती, कागदावर तुझं नाव तुझ्या हातानं आलं पाहिजे. मी दर महिन्याला पगाराच्या रजिस्टरात सही करायचो, ते ऐकूनच त्यांचं समाधान व्हायचं.

माझं खरं काम मागच्या खोलीत चालायचं. तिथं सात लोखंडी कपाटं होती आणि कपाटांत वाळवून जाड कागदावर चिकटवलेली झाडं होती. याला हर्बेरियम म्हणतात. बाहेरच्या माणसाला ती खोली दाखवली की तो हमखास विचारायचा, हा पाचोळा जपून ठेवून करता काय? मी सांगायचो, तहसील कचेरीत जमिनीची दप्तरं असतात की नाही, तशी ही झाडांची दप्तरं. कुठलं झाड, कुठल्या शिवारात, कुठल्या महिन्यात, कुणी पाहिलं, सगळं कागदावर. जमिनीचा वाद निघाला की तिथलं दप्तर निघतं, झाडाच्या नावाचा वाद निघाला की आमचं कपाट उघडतं. आणि झाडांच्या नावांचे वाद भावकीच्या वादापेक्षा जास्त चालतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

नाव विचारायला गावातली माणसंही यायची. एकदा एक हवालदार मेलेल्या शेळीच्या तोंडातला पाला पुडीत बांधून घेऊन आला. शेजाऱ्यानं विष घातलं अशी तक्रार होती. आमच्या सरांनी पाला पाण्यात भिजवून उलगडला, भिंगाखाली धरला आणि कण्हेर असल्याचं सांगितलं. हवालदार गावात जाऊन आला तर कण्हेरीचं झाड तक्रारदाराच्याच दारात. दुसरा एक जण लोहाऱ्याच्या आठवडी बाजारात मुळ्या विकायचा. त्याला आपल्या पाटीवर शास्त्रीय नाव लिहायचं होतं. सरांनी शतावरीचं नाव सांगितलं तर त्याला ते आखूड वाटलं. "लई लांब नाव द्या सायेब," तो म्हणाला, "लांब नावाला गिऱ्हाईक भितं, आन् भ्यालं की घेतं." सर दिवसभर हसत होते.

हे सर म्हणजे आमचे विभागप्रमुख, बिराजदार सर. त्यांचे वडील उमरग्यातले कापडाचे व्यापारी. घरात कानडी बोलायचे, बाहेर मराठी. सर अंगानं किरकोळ, पण माळावर चढायला लागले की विद्यार्थी मागं पडायचे.

झाड वाळवायचं काम बघायला सोपं वाटतं. झाड मुळासकट आणि फुलासकट काढायचं, वर्तमानपत्राच्या घडीत पसरायचं. अशा घड्यांचा गठ्ठा दोन लाकडी जाळ्यांत घालून पट्ट्यांनी आवळायचा. मग रोज कागद बदलायचे. ओले कागद दोरीवर वाळत घालायचे, कोरडे आत सारायचे. पावसाळ्यात दिवसातून दोनदा, कारण एक दिवस चुकला की बुरशी आलीच, आणि झाडं नेमकी पावसाळ्यातच फुलतात. वाळल्यावर कीड लागू नये म्हणून विषाच्या पाण्यातून काढायचं, चिकटवायचं, जाड देठ सुई-दोऱ्यानं टाचायचे, खाली उजव्या कोपऱ्यात लेबल लावायचं. पण या सगळ्यात जीव असतो तो एका चिटोऱ्यात. झाड काढलं त्याच जागी त्याला नंबराची चिठ्ठी दोऱ्यानं बांधायची आणि तोच नंबर वहीत लिहायचा. चिठ्ठी गेली की झाड बेवारस झालं. मग ते कितीही दुर्मिळ असू दे, कुठून आलं ते सांगता येत नसेल तर त्याला कुणी विचारत नाही.

या कामात मी माझी एक युक्ती काढली होती. सरांच्या घरी कानडी पेपर यायचा, कॉलेजच्या लायब्ररीत मराठी यायचे. दोन्हीकडची रद्दी माझ्याकडं. एका वेळी दोन सहलींचे गठ्ठे वाळत असले, तर एकाला मराठी कागद वापरायचा आणि दुसऱ्याला कानडी. मला कानडी थोडं बोलता येतं, वाचता अजिबात येत नाही. पण गोल अक्षरं दिसली की कानडी, एवढं पुरायचं. लांबून बघितलं तरी कळायचं कुठला गठ्ठा कुठला. सरांनी ही युक्ती स्टाफरूममध्ये जाऊन सांगितली होती, त्याचा मला मोठा अभिमान होता.

सरांचा जीव होता खर्पुडीवर. आपल्याकडच्या माळावर ही वेल पावसात उगवते, जमिनीत तिचा कंद असतो आणि गुराखी तो उकरून कच्चाच खातात. पण फूल बघावं. छोटा कंदीलच तो. खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाकळ्या टोकाला जुळलेल्या आणि मधून खिडक्या. बारीक माशी खिडकीतून आत शिरते. नळीतले केस खाली वळलेले असतात, त्यामुळं तिला उतरता येतं, वर येता येत नाही. दोन-एक दिवसांनी केस सुकतात, तेव्हा माशी परागाचं ओझं घेऊन सुटते आणि पुन्हा दुसऱ्या कंदिलात शिरते. सर हे शिकवायचे तेव्हा मी मुद्दाम दाराशी उभा राहायचो.

झाडाचं शास्त्रीय नाव दोन शब्दांचं असतं. पोरांना मी सोपं करून सांगायचो की पहिलं आडनाव आणि दुसरं त्याचं स्वतःचं. शास्त्रात त्या आडनावाला प्रजाती म्हणतात. खर्पुडीचं आडनाव सेरोपेजिया. तिच्याजवळचं दुसरं एक आडनाव होतं ब्रॅकिस्टेल्मा. त्यातली रोपं बसकी, वीतभर, कशावर न चढणारी, आणि फूल कंदिलासारखं बंद नसून चांदणीसारखं उघडं. कंद मात्र त्यांनाही. माझ्या कपाटात दोघींचे कप्पे वेगळे होते. कुणी ठरवलं हे मी कधी विचारलं नाही. आमच्या जन्माच्या आधीच ठरलेलं होतं.

मी नोकरीला लागून तीन-चार वर्षं झाली असतील. अजून कायम झालो नव्हतो. त्या श्रावणात आठवड्याच्या अंतरानं दोन सहली झाल्या. पहिली उमरग्याच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या मुरमाड माळावर. चढताना सरांचा पाय मुरगळला, म्हणून ते खाली लिंबाच्या झाडाखाली बसले आणि मला एकट्याला वर पाठवलं. वर एक म्हातारी शेळ्या राखत होती. तिचं नाव गंगव्वा. बसल्या जागी काठीनं काहीतरी उकरून खात होती. बघितलं तर वीतभर रोप, दोऱ्यासारखा देठ, टोकाला एक बारकं फूल, खाली सुपारीएवढा कंद. कसला पाला म्हणून विचारलं तर म्हणाली, खर्पुडी. मी म्हणालो, आजी, खर्पुडीची वेल असती.

"ही बी तीच," गंगव्वा म्हणाली. "थोरली चढती, धाकटीला चढाय येत न्हाय. चव बघ की, एकच हाय."

तिनं दिलेला कंद मी खाल्ला. चव खरंच एकच होती. मग एक रोप कंदासकट काढून कागदात घातलं. देठ इतका नाजूक की चिठ्ठीचा दोरा बांधला तर तुटेल, म्हणून बांधली नाही. पेपरच्या कडेला पेन्सिलीनं नंबर टाकला, वहीत नंबरापुढं 'लहान रोप' एवढंच लिहिलं. पेपर कानडी होता.

दुसरी सहल परंड्याची. एसटी बदलत पोचायला अख्खा दिवस गेला. किल्ल्याजवळ एका ओळखीच्या घरी उतरलो आणि दुसऱ्या दिवशी डोंगरावर हिंडलो. पंचवीस-तीस झाडं आणली, सगळी मराठी कागदात. आलो आणि पावसाची झड लागली. चार दिवस सूर्य नाही, वीज नाही, दोरीवरचे कागद वाळेनात. कानडी रद्दी संपली. मी जो कोरडा कागद हाताला लागेल तो घालत गेलो आणि मनाशी म्हणालो, पाऊस उघडला की नीट लावू. उघडल्यावर लावलंही, माझ्या युक्तीनं. मराठी कागद परंड्याचा, कानडी कागद उमरग्याचा. बाकीच्यांच्या देठांना चिठ्ठ्या होत्या, त्यामुळं ती आपापल्या ठिकाणी गेली. त्या एका रोपाला नव्हती.

दोन आठवड्यांनी सर परंड्याचा गठ्ठा बघत बसले होते. एकाएकी भिंग उचललं. मग मला हाक मारली आणि विचारलं, हे कुठलं, याला नंबर कसा नाही? मी म्हणालो, सर, परंड्याच्या गठ्ठ्यात हाय म्हणजे परंड्याचंच. म्हणालो आणि त्याच वेळी त्या कंदाची चव जिभेवर आली. पण सरांचा चेहरा असा फुलला होता की माझी पुढं बोलायची हिंमत झाली नाही. रोप बसकं होतं, पण फुलाला आखूड का होईना नळी होती आणि पाकळ्या टोकाला जुळलेल्या. दोन आडनावांच्या बरोबर मधलं. सर म्हणाले, असं कुणी नोंदलेलं नाही, ही नवीन आहे आणि ही खर्पुडीच आहे. त्यांनी त्याला नवा नंबर दिला, लेबलावर परंडा लिहिलं आणि विभागात पेढे वाटले.

मला शंका होती, खात्री नव्हती, असं मी स्वतःला समजावत राहिलो. खात्री महिनाभरानं झाली. दोरीवरचे जुने कागद काढून घड्या घालत होतो तेव्हा एक कानडी कागद हाताला लागला. कडेला माझ्या हातचा नंबर, माळावर टाकलेला तोच. मधोमध तपकिरी डाग पडला होता, गोल कंद, त्यातून निघालेली बारीक रेघ, वर फुलाचा ठिपका. वरच्या कोपऱ्यात पेपरवाल्यानं लिहिलेलं सरांच्या वडिलांचं नाव. मी दार लावून घेतलं आणि तो कागद घडी करून शर्टाच्या आत घातला.

का, ते स्पष्टच लिहितो. माझी कायम होण्याची फाईल ऑफिसात होती आणि तिच्यावर सरांची शिफारस लागणार होती. नंबर बांधायला चुकलेला परिचर कायम कशाला करतील? आणि सरांनी तोवर रोप एका मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांकडं पाठवलंसुद्धा होतं.

तज्ज्ञांचं पत्र आलं. एका रोपावर काही ठरवता येत नाही, त्याच जागेवरून आणखी रोपं आणा. आम्ही परंड्याला गेलो. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. सर गुडघ्यांवर बसून गवत बाजूला करत डोंगराची एकेक बाजू पालथी घालायचे आणि मी त्यांची पिशवी धरून मागं. जे तिथं नाही हे मला माहीत होतं, ते शोधायचं मी सोंग करत होतो. दुसऱ्या वर्षी धीर करून म्हणालो, सर, आपल्या उमरग्याच्या माळावर बी बघू की. ते म्हणाले, शास्त्रात असं चालत नाही गौतम, ठिकाण म्हणजे ठिकाण. तिसऱ्या वर्षी तज्ज्ञांनी रोप परत पाठवलं. सोबत एक ओळ होती. नमुना अपुरा, ठिकाण शंकास्पद. स्टाफरूममध्ये त्याला परंड्याचं भूत म्हणायला लागले. सर आधी हसायचे, मग त्यांनी स्टाफरूममध्ये बसणं सोडलं. माळावर जाणंही हळूहळू सोडलं. मी त्याच वर्षी कायम झालो. शिफारशीत सरांनी लिहिलं होतं की हा माणूस कामात अत्यंत चोख आहे.

मग वर्षं गेली. माझी मुलं शिकली, नोकरीला लागली. सर निवृत्त झाले, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी. तो कागद ट्रंकेत होता, बायकोला सांगितलं होतं की कामाचा आहे. रोप कपाटातच होतं. त्याला कुठल्या कप्प्यात ठेवायचं हे ठरेना, म्हणून मी दोन कप्प्यांच्या मधल्या फटीत ठेवलं होतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात कॉलेजातून फोन आला की विद्यापीठातली एक संशोधक मुलगी आली आहे, तिला खर्पुड्या बघायच्या आहेत आणि कपाटांचा क्रम कुणालाच माहीत नाही. मुलीचं नाव अस्मा. धाराशिवचीच, बोलण्यात दखनीची झाक. तिला प्रत्येक झाडाच्या पानाचा नखाएवढा तुकडा हवा होता, त्यातून डीएनए काढायला. मी एकेक कागद काढून देत गेलो. सरांचं रोप समोर आलं तेव्हा तिनं खुर्ची ओढून घेतली आणि अर्धा तास उठली नाही.

आषाढात तिचा फोन आला. विषाच्या पाण्यातून गेलेलं पान, तरी थोडं काहीतरी हाती लागलं होतं. तिनं मला समजेल अशा शब्दांत सांगितलं. चढणाऱ्या एका घरातल्या आणि बसक्या दुसऱ्या घरातल्या, हा हिशेबच चुकीचा निघालाय. डीएनए बघितला तर बसकी रोपं वेलींच्या मध्येच विखुरलेली सापडतात. वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या वेलींच्या वंशजांनी चढणं सोडलं आणि ती बसकी झाली. म्हणून आता बरेच अभ्यासक दोन्हींना एकच आडनाव लावतात. काही जुने लोक अजून ऐकत नाहीत. सरांनी बसक्या रोपाला खर्पुडी म्हटलं होतं, ते बरोबरच होतं. आणि या रोपाची वंशावळीतली जागा कळली तर कंदिलाची चांदणी कशी झाली हा मोठा प्रश्न सुटेल, पण जुन्या पानावर भागणार नाही, ताजं लागेल.

"माझ्याकडं एकच पावसाळा आहे, मामा," अस्मा म्हणाली. "शिष्यवृत्ती संपते. सगळा मोसम मी परंड्याला मुक्काम टाकणार आहे."

मला गंगव्वा आठवली. थोरली चढती, धाकटीला चढाय येत न्हाय. म्हातारीनं जिभेनं ओळखलं ते शास्त्राला इतक्या वर्षांनी कळलं, आणि मला तर तेव्हाच सांगितलं होतं. मी अस्माला म्हणालो, मॅडम, परंड्याची गाडी सांगू नका. मला आठ दिवस द्या. आधी एका माणसाला सांगायचं आहे.

सर आता ऐंशीच्या पुढं आहेत. ऐकू बरं येतं, डोळे अधू झालेत. सूनबाईंनी चहा ठेवला आणि आत गेल्या. मी कागद त्यांच्या पुढ्यात उलगडला आणि सगळं सांगितलं, फाईलसकट. त्यांनी भिंग घेऊन आधी वडिलांचं नाव वाचलं. मग डागावर बोट ठेवलं आणि कंदापासून फुलापर्यंत नेलं.

"तीन पावसाळे," ते म्हणाले. "माझी पिशवी धरून तू मागं चढत होतास."

"व्हय सर."

"आणि तुला माहीत होतं."

"व्हय."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, आज जा तू. मी उठलो. चहा तसाच राहिला. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, एवढं पोटात ठेवून झोप कशी लागली तुम्हाला? खरं म्हणजे लागत होती, हेच वाईट आहे.

पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी सकाळी सरांचा फोन. माळावर पाऊस झालाय का, एवढंच विचारलं. मी म्हणालो, चांगला झालाय. म्हणाले, त्या मुलीला बोलाव आणि जीप सांग.

माळाचा अर्धा भाग राहिलाच नव्हता. हायवे रुंद करताना मुरूम इथूनच नेला, एका अंगाला उभी लाल भिंत आणि खाली पाण्याचं डबकं. गंगव्वा बसली होती ती जागा तर हवेतच होती. सरांना जीपजवळ खुर्चीवर बसवलं आणि मी आणि अस्मा उरलेल्या उतारावर गुडघ्यांवर बसलो. दोन तास गेले. मला सारखं वाटत होतं की नाही सापडलं, तर सर म्हणतील हेही खोटंच. बारा वाजायच्या सुमाराला खाणीच्या अगदी काठाशी, कुसळीच्या गवतात, वीतभर देठ दिसला. टोकाला फूल. आजूबाजूला आणखी चार होती. मी हात वर केला.

सरांना दोघांनी धरून वर आणलं. ते खाली बसले, पालथे झाले म्हटलं तरी चालेल, आणि भिंग लावलं. अस्मानं फोटो काढले, एक पान घेतलं. मी सवयीनं खुरपं काढलं होतं. सर वर न बघताच म्हणाले, ते ठेव. उपटून पुष्कळ झालं.

मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "चव बघितली होतीस म्हणालास. कशी होती?"

"खर्पुडीसारखीच सर. तीच."

"तेवढं जरी त्या दिवशी सांगितलं असतंस, तरी मी हा माळ सोडला नसता," ते म्हणाले. रागानं म्हणाले. तो राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मी म्हणणारही नाही. पण उतरताना त्यांनी अस्माचा हात सोडला आणि माझा खांदा धरला.

रोप नवीन ठरेल की नाही, ते अजून ठरायचं आहे. अस्माचं काम चालू आहे. उरलेल्या माळाचा मुरूम आता काढू नये म्हणून तिनं आणि सरांनी तहसीलदारांना अर्ज दिला आहे. त्याचंही उत्तर यायचं आहे. मी दर आठवड्याला माळावर चक्कर मारतो.

एक काम मात्र झालं. आमच्या धंद्यात एक नियम आहे. जुनं लेबल चुकीचं निघालं तरी ते काढायचं नाही, खोडायचं नाही. शेजारी छोटी चिठ्ठी डकवायची, त्यावर बरोबर काय ते लिहायचं आणि खाली लिहिणाऱ्यानं आपलं नाव घालायचं. म्हणजे पुढच्या माणसाला चूकही दिसते आणि कुणी सुधारली तेही दिसतं. अशा चिठ्ठ्या तज्ज्ञ लिहितात, प्राध्यापक लिहितात. मी हजारो झाडं चिकटवली, पण त्या सात कपाटांत माझं नाव कुठंच नव्हतं. परिचराचं नाव लिहायची पद्धत नसते.

कॉलेजात सर आले, कपाटातून रोप काढायला लावलं आणि कोरी चिठ्ठी माझ्याकडं सरकवली. मी म्हणालो, सर, तुम्ही लिहा. ते म्हणाले, ज्याला माहीत आहे त्यानं लिहायचं असतं. मी लिहिलं, ठिकाण परंडा नव्हे, उमरग्याच्या पूर्वेचा माळ. कागद बदलताना माझ्या हातून चूक झाली आणि मी ती लपवली. सरांनी वाचून घेतलं आणि म्हणाले, गोळा करणारा कोण तेही लिही. लेबलावर तुमचं नाव हाय सर, मी म्हणालो.

"मी तर खाली लिंबाखाली बसलो होतो," ते म्हणाले.

तेव्हा मी लिहिलं, गोळा करणारे, गंगव्वा, शेळ्या राखणारी, आणि खाली माझं नाव. पगारपत्रकावरचं ते पूर्ण. सरांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली आणि एकेक शब्द वेगळा करून मोठ्यानं वाचला.

"गौतम केरबा सोनकांबळे."

अंगठा उमटवणाऱ्या माझ्या बापाचं नाव त्या खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी घेतलं, आणि तेही माझ्या चुकीच्या खाली. मी चिठ्ठी उलटी करून खळ लावली आणि जागेवर दाबून धरली.